पेंढा कोनाचा नसतो

माय,

गॅलरीतल्या खिळ्याला अजून दिवाळीचा कंदीलच लटकतो आहे. दरवर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला की तुम्ही स्टुलावर चढायचात, माझा कंदील उतरवायचात, त्याच वायरवर, त्याच बल्बवर तुमची कामट्यांची चांदणी चढवायचात आणि कंदील माझ्या हातात देत म्हणायचात, "घे तुजा. आता माजा नंबर."

यंदा त्या रविवारच्या आधीच तुम्ही गेलात. कंदिलाला कुणी हात लावला नाही. खालच्या यंत्रमागांवरून उडणारं कापसाचं तूस त्याच्या गुलाबी कागदावर बसून कागद राखाडी झाला आहे. काल शबाना आपा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "जोती, अम्मा का तारा नहीं लगा तो गली पहचान में नहीं आती. रिक्शावाले को क्या बोलूँ, कहाँ रोको?" मग त्या माझ्या हातातली भाजीची पिशवी घेऊन वरपर्यंत आल्या.

चांदणी लावली नाही, पण येशूजन्माचा गोठा मांडला आहे. त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. उद्या तीन राजांचा सण, उद्या गोठा उतरतो. सकाळी फिलूताई वसईहून येणार आहेत आणि गोठा आपल्या घरी नेणार आहेत. आणि गव्हाण रिकामी आहे, माय. नाताळ होऊन गेला, तरी बाळ येशू अजून डब्यातच आहे. तुमच्या लेकीने तुम्हाला हे सांगण्याआधी मी सांगते.

तुमच्या घरी मी आले ती रजिस्टर लग्न करून. तुमचा अंतोन वळ गावच्या गोदामात सुपरवायझर होता आणि मी तिथेच डिस्पॅचला बसायचे. ते गोदाम जिथे उभं आहे तिथे माझ्या आजोबांचं भात पिकायचं. बी. कॉम. अर्धवट सोडून, एका ख्रिस्ती मुलाशी लग्न करून मी आले, म्हणून बाबांनी माझं नाव टाकलं. आई एकदाच लपून भेटली, धामणकर नाक्यावर, शेअर रिक्षांच्या रांगेत. तिने पदराआडून खणात गुंडाळलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण माझ्या हातात दिला. आमच्यात लेकीला सासरी पाठवताना आई अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देते. "अन्नपूर्णा न्हाय जमली," आई म्हणाली आणि रिक्षात बसून निघून गेली. तो बाळकृष्ण मी कपाटात, माझ्या साड्यांच्या मागे ठेवला. तुम्ही पाहिलंत. काही म्हणाला नाहीत. पण माझ्या देवासाठी भिंतीवर एक फळी ठोकावी, असंही कधी म्हणाला नाहीत.

पहिल्या नाताळाला तुम्ही कामं वाटून दिलीत. मला अजून तो ओटा दिसतो, त्यावरची मैद्याची परात आणि तुमचे कोपरापर्यंत पांढरे हात. "चांदणी, झाड, केक, नेवऱ्या, शेजारची ताटं, ह्या सगला तू बग. ह्या लोकांसाठी हाय. गोठा आपला हाय. त्याला मी बगेन."

मी झाडावर लावायचा कापूस हातात घेऊन उभी होते. तुमच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. तुम्ही मीठ-मसाल्यासारखी वाटणी केली होती. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या घशात अडकला आहे. जे लोकांसाठी ते मी करायचं, जे आपलं ते तुम्ही. मग मी लोकांतली की आपल्यांतली? इतक्या वर्षांत तो मी विचारला नाही. विचारला असता तर तुम्ही बहुतेक म्हणाला असतात, "आधी तेल बग, तापलाय."

झाडाचं तुम्हाला कौतुक नव्हतं. प्लॅस्टिकचं झाड, त्यावर कापसाचं बर्फ, आणि खाली भिवंडीची धूळ. "कापूसच पायजे त खाली मागावर जा, तिथं बारा महिने बर्फ पडतो," म्हणायचात. आणि सांता तर तुम्हाला मुळीच खपत नसे. माझ्या रियाच्या शाळेत तो नाचून गेला तेव्हा तुम्ही तिला मांडीवर घेऊन विचारलंत, "या लाल म्हाताऱ्याचा आन् मरियामायचा नाता काय? बालंतिनीच्या घरी येवरा पोट घेऊन कोन येतो?" पण नाताळाच्या सकाळी रियाच्या मोज्यात लिमलेटच्या गोळ्या असायच्याच. कुणी ठेवल्या विचारलं तर तुम्ही चहात बिस्किट बुडवत म्हणायचात, "त्यानंच ठेवल्या असतील. मना काय ठावं."

गोठ्याच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. तुमच्या आईकडून आलेला तो लाकडी गोठा, त्यातली मरियामाय, जोसेफ, मेंढ्या, एका कानाची गाय. पहिल्या रविवारी सगळं मांडायचं आणि गव्हाण रिकामी ठेवायची. नाताळाच्या सकाळी, कुणीही चहा घेण्याआधी, घरातल्या थोरल्या बाईने बाळ आणून गव्हाणीत ठेवायचं. बाळ बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, तुमच्या आईच्या रुमालात. तो डबा तुमच्याशिवाय कुणी उघडायचा नाही.

आणि पेंढा खराच हवा. त्या पहिल्या वर्षी मी बाजारातून कागदाचं हिरवं गवत आणलं होतं. तुम्ही ते दोन बोटांनी उचललंत. "ह्या गाय खाईल?"

"माय, गाय प्लास्टरची आहे."

"म्हून तिला काय पन घालशील?"

मग तुम्ही अंतोनच्या मोबाइलवरून माझ्या बाबांना फोन लावलात. मी भीतीने मोरीत जाऊन उभी राहिले, पण तुमचा आवाज अख्ख्या चाळीला ऐकू जात होता. "व्याही, मी अंतोनची माय बोलतंय. रागावलास त ऱ्हा रागावून, माजा काय म्हनना न्हाय. पन माज्या गोठ्याला पेंढा न्हाय. तुज्या शेतावर हाय का?"

बाबांनी फोन ठेवून दिला. दोन-तीन दिवसांनी खाली स्कूटर वाजली. बाबा उभे होते, मागे पेंढ्याची गुंडी बांधलेली. वर यायला तयार नव्हते. तुम्ही गॅलरीतून ओरडलात, "वर आन! मी काय म्हातारी खाली येव?" ते वर आले. दाराशीच उभे राहिले. तुम्ही पेंढ्याची एक काडी मोडून वास घेतलात.

"कोलमचा हाय?"

"न्हाय. रत्ना भाताचा."

"बरा हाय. मऊ हाय."

एवढ्या बोलण्यावर तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवलंत आणि पुढ्यात तळलेल्या गोड पिठाच्या गरम फुग्यांची ताटली ठेवलीत. बाबा खात होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. तुमच्या-त्यांच्या बोलीत फारसा फरक नव्हता. खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, इतकंच. भातावर तुम्ही दोघं तासभर बोललात. जाताना बाबा माझ्यासमोर थांबले. "बरी हाईस?" म्हणाले. मी मान हलवली. माझं माहेर त्या दिवशी पुन्हा सुरू झालं, माय, आणि ते तुम्ही पेंढा मागून सुरू केलंत. त्यानंतर दर आगमनकाळात बाबांची गुंडी आली. एकेक शेत गोदामाखाली गेलं, तरी मागच्या भिंतीलगतच्या एका पट्टीत ते भात लावत राहिले. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, "व्याहिनीचा गोठा हाय."

तुम्ही मला परत कॉलेजात घातलंत, तेही असंच, विचारण्या-सांगण्याच्या आधी. रिया तान्ही होती. शेवटच्या वर्षाची परीक्षा. तुम्ही तिला दुपट्यात बांधून माझ्याबरोबर आलात आणि कॉलेजच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसलात. वॉचमन म्हणाला, "आजी, लहान मूल घेऊन इथं बसता येणार नाही."

"मंग पेपर तू लिव. तिला बाहेर पाठव, पोरीला दूध पाजूंदे."

तो गेला तो पाण्याची बाटली घेऊनच परत आला. पेपर संपला की मी धावत यायचे, तुम्ही मुलगी माझ्या मांडीवर द्यायचात आणि माझी पाठ सगळ्यांकडे येईल असं पदर धरून उभ्या राहायचात. निकाल लागला तेव्हा उन्हाळ्याची काहिली होती. तुम्ही घामाने निथळत नेवऱ्या तळल्यात आणि नाताळासारखी ताटं भरून चाळभर पाठवलीत. शबाना आपा हसत वर आल्या, "अम्मा, इतनी गर्मी में क्रिसमस?" तुम्ही छाती काढून सांगितलंत, "हौ! आमची जोती ग्रॅज्वेट हुई!"

माझ्या माहेरी आणि तुमच्या घरी, दोन्हीकडे मिळून मी पहिली. बाबांना ती डिग्री वाचता येत नाही. तुम्हालाही येत नव्हती. तुम्ही ती फ्रेम करून घेतलीत आणि भिंतीवर ख्रिस्ताच्या तसबिरीच्या खाली लावलीत. खाली लावलीत, पण त्याच भिंतीवर. मला तेव्हा वाटलं होतं, आता झालं. आता मी आपल्यांत.

मग ते वर्ष आलं. रिया चार वर्षांची असेल. नाताळाला थोडे दिवस होते, फिलूताई राहायला आल्या होत्या. रियाने माझ्या साड्या उपसल्या, तिला बाळकृष्ण सापडला. तिने गोठ्यातली रिकामी गव्हाण पाहिली होतीच. तिच्या हिशेबाने सगळं सरळ होतं. एक बाळ होतं, त्याला झोपायला जागा नव्हती. एक बिछाना होता, त्यात बाळ नव्हतं. तिने बाळकृष्ण पेंढ्यात ठेवला. तो रांगता, झोपेना, म्हणून त्याच्या अंगावर पेंढ्याची मूठ पांघरली आणि सगळ्यांना बघायला बोलावलं.

फिलूताईंनी कपाळाला हात लावला. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही तो उचललात, त्याच्या गुडघ्यांत अडकलेली काडी काढलीत, पदराने पुसलात आणि माझ्या हातात दिलात. "तुजा देव तुज्याकडं ठेव."

मी स्वयंपाकघरात तुमच्या मागे आले. तुम्ही कुलकुल तळत होता. मी म्हणाले, "माझ्या बापाचा पेंढा चालतो आणि माझा देव चालत नाही?"

तुम्ही झारा हलवत राहिलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "पेंढा कोनाचा नसतो, जोती. पोर कोनाचा तरी असतो."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? त्याची आई वायली. याची आई वायली. कोनाच्या मांडीवर कोनाचा पोर घालशील? त्या आईला काय वाटंल?"

"माय, त्या आयांना काही वाटणार नाही. तुम्हाला वाटतंय."

"हौ. मना वाटतंय. मंग?"

तिथे तुम्ही वाद थांबवलात. मी त्यावर खूप उत्तरं शोधली, माय. गोदामात, चालान बनवता बनवता शोधली. यशोदेच्या मांडीवर दुसरीचंच पोर होतं, हे मला पुढे कधीतरी सुचलं. पण तेव्हा अबोला संपून आपण पुन्हा बोलू लागलो होतो आणि मला ते मोडायचं नव्हतं. पुढच्या गोकुळाष्टमीला मी ड्युटीवरून आले तर ओट्यावर वाटीत घट्ट दही झाकून ठेवलेलं. तुम्ही टीव्हीकडे बघत म्हणालात, "तुजा तो रांगता पोर, त्याचा वाढदिवस न्हाय का आज? कपाटात उपाशी ठेवशील?" त्यानंतर दर अष्टमीला ती वाटी असायची. फळी मात्र तुम्ही ठोकली नाहीत. मीही मागितली नाही. तुम्ही इतकंच देणार होता की मी आणखी एकदा विचारायची वाट बघत होता, हे मला आता कोण सांगणार?

यंदा दिवाळी झाली आणि तुम्हाला श्वास घेता येईना. हॉस्पिटलमध्ये तुम्ही नाकावरची नळी बाजूला करून करून हुकूम सोडत होता. मनुका आधीच भिजत घाल. शबानाला द्यायची ताटली येगली ठेव, डालड्याची, डुकराच्या चरबीची नको. चांदणीला नवा पतंगी कागद आन, लाल, गुलाबी नको. मी सगळ्याला हो म्हणत होते. मला एकच विचारायचं होतं. यंदा बाळ कोण ठेवणार? आणि तेच विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर तुम्ही घरी येणार नाही, हे मी माझ्या तोंडाने तुम्हाला सांगितल्यासारखं झालं असतं. मनुका भिजवायचं तुम्हाला आठवलं, माय. शबाना आपांचा डालडा आठवला. बाळाचं तुम्हीही काढलं नाहीत. कदाचित त्याच कारणाने.

मग बोलणं गेलं. मग नुसते डोळे. मग दुपारी, मी खाली औषध आणायला गेले होते तेव्हा, तुम्ही गेलात.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. माणूस दारातून निघतं आणि संपतं. मागे अंगण सारवायचं, अंघोळी करायच्या. तुमच्या वेळी मी दफनभूमीपर्यंत चालत आले, आणि कुठे उभं राहायचं ते मला कळत नव्हतं. प्रार्थना सगळ्यांना येत होत्या. मला ऐकून ऐकून पाठ झाल्या आहेत, पण फिलूताई शेजारी होत्या, म्हणून मी ओठ मिटून राहिले. शेवटी सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. मीही टाकली. ती पेटीवर पडल्याचा आवाज झाला. कुणाच्या अंगावर माती टाकायची मला सवय नाही, माय. जाळलेलं माणूस निदान निघून जातं. तुम्ही अजून तिथे आहात, रस्त्यापलीकडे, टेम्पोंच्या हॉर्नखाली, आणि मी इथे तुमचा गॅस लावते आणि बंद करते, हे मला झेपत नाही.

आगमनकाळ सुरू झाला. अंतोन म्हणाला, "सुतकात कसला नाताळ? काही करायचं नाही." त्याने माझा शब्द वापरला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. झाड काढलं नाही, केक नाही, ताटं नाहीत. लोकांसाठीचं सगळं थांबलं. आणि त्याच आठवड्यात खाली स्कूटर वाजली. बाबा पेंढा घेऊन आले होते. हाक मारायला गॅलरीत कुणी नव्हतं, म्हणून ते बराच वेळ खालीच उभे राहिले असावेत. वर आले, गुंडी दाराशी ठेवली. "यंदा सुका हाय," म्हणाले. "व्याहिनीनं गेल्या साली वल्ला म्हनून नावं ठेवलेली." मग म्हणाले, ही शेवटची. ती पट्टी आता ट्रक लावायला गेली.

मग त्यांनी तुम्हाला कुठे ठेवलंय ते बघायचं म्हटलं. मी घेऊन गेले. बाकीच्या कबरींवर फुलं होती, मेणबत्त्या होत्या. बाबांनी खिशातून पेंढ्याची एक मूठ काढली, नीट सरळ केली आणि तुमच्या उशाकडे ठेवली. "फुलां न्हाय आनली," म्हणाले. "तिला याच आवडायचा." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तर झाडलोट करणाऱ्याने तो कचरा समजून काढून टाकला होता. बाबांना मी ते सांगितलेलं नाही.

तो पेंढा आला म्हणून मी गोठा मांडला. कुणाला विचारलं नाही. मेंढ्या, गाय, जोसेफ, सगळं तुम्ही ठेवायचात तसं. पहिल्यांदाच माझे हात त्या मूर्तींना लागले आणि कुणी "हलू गं" म्हणालं नाही.

नाताळाच्या आदल्या दिवशी फिलूताईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "जोती, राग मानू नको. तुझं मन चांगलंय, मायला तू खूप केलंस. पण तुझा बाप्तिस्मा झालेला नाही. बाळ तू ठेवू नको. आणि गोठा मी राजांच्या दिवशी घेऊन जाते. मायच्या आईचा आहे तो. आमच्याकडे रोज जपमाळ होते. तुमच्याकडे आता कोण करणार?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. अंतोन वर्षातून एकदा चर्चमध्ये मिस्सेला जातो आणि मी त्याला इस्त्रीचा शर्ट काढून देते. मी म्हणाले, "या ताई."

नाताळाच्या सकाळी कुणी चहा घेतला नाही. अंतोन म्हणाला, रियाला ठेवू दे, तिचा बाप्तिस्मा झालाय. रिया आता नऊ वर्षांची आहे, माय, आणि तुमच्याइतकीच हट्टी. ती हाताची घडी घालून बसली. "मायने सांगितलंय, थोरल्या बाईने ठेवायचं. मी थोरली नाही. थोरली मम्मी आहे."

"अगं पण मम्मी..." अंतोन म्हणाला.

"मम्मी काय?" रियाने विचारलं.

मी चहा ओतला. गव्हाण तशीच राहिली. मी ठेवू शकले असते, तिथे अडवायला कुणी नव्हतं. मी फिलूताईंना घाबरले नाही. तुम्ही "हौ" म्हणाला असतात की "तुजा देव तुज्याकडं ठेव" म्हणाला असतात, ते मला ठरवता येईना. तुमच्यामागे तुमच्या नावाने मी हो म्हणून घेणं मला चोरीसारखं वाटलं. दुपारी शबाना आपांनी ताट भरून बिर्याणी पाठवली. इतकी वर्षं त्या दिवशी ताट वरून खाली जायचं.

आज दिवसभर मी गोठा पुसत होते. उद्या तो टॅक्सीत ठेवला जाईल, मेंढ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या जातील. पेंढा फिलूताई नेणार नाहीत, त्यांच्याकडे कागदाचं गवत आहे. तो इथे राहील. तुम्ही म्हणालाच होता, तो कोनाचा नसतो.

आता दिवे लागले आहेत. अंतोन रियाला घेऊन खाली गेला आहे. मी हात धुतले, तुमचा डबा खाली काढला आणि उघडला. रुमालाला अजून तुमच्या कपड्यांच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आहे. बाळ मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं आहे, माझ्या पितळेच्या पोरापेक्षा कितीतरी हलकं. उजव्या पायाचा अंगठा उडालेला. एका गालावरचा रंग ओठ लागून लागून पुरता गेला आहे. तुम्ही गव्हाणीत ठेवण्याआधी आमच्याकडे पाठ करून का उभ्या राहायचात, ते आज कळलं.

मी त्याला पेंढ्यात ठेवलं आहे. तुमची परवानगी होती म्हणून ठेवलं, असं मी कुणाला सांगणार नाही. बाळकृष्ण कपाटातच आहे. तो वाद मी जिंकून घेतलेला नाही, तो तुमच्या-माझ्यात जिथे होता तिथेच आहे.

उद्या सकाळपर्यंत गव्हाण भरलेली राहील. तेवढा वेळ आहे तुमच्याकडे, माय. स्वयंपाकघरातून बाहेर या, कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी, आणि विचारा मला, कोनाला इचारून ठेवलास गं? मी गोठ्यासमोरच बसले आहे. खाली माग चालू आहेत, पण तुमचा आवाज त्यावरूनही ऐकू यायचा.